झालेल्या कामाचा हिशेब : ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
ठाणे महानगरपालिका आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

विषय : करदात्यांच्या पैशाचा अपव्यय आणि त्याबाबत सभागृहाला विनंती



कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. कल्याण-डोंबिवलीत पाच वर्षांहून अधिक काळ आणि ठाण्यात जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचा, अशी रीत पडली. स्थायी समिती नव्हती, महासभा नव्हती, प्रश्नोत्तरांचा तास नव्हता. ठाणे महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५,६४५ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेबद्दल निवडून आलेल्या एकाही माणसाला सभागृहात उभे राहून प्रश्न विचारता आला नाही, कारण सभागृहच अस्तित्वात नव्हते.

आता ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ सदस्य निवडून आले आहेत. मधल्या काळातील प्रत्येक निर्णय चुकीचा होता असे मानण्याचे कारण नाही. कल्याणची आधारवाडी कचराभूमी अखेर २५ मे २०२१ रोजी बंद झाली, ती प्रशासकांच्याच काळात. तरीही या वर्षांत कोणती कामे निघाली, कितीला गेली, कितीला संपली आणि त्यांतली किती आज वापरात आहेत, याची एकत्र तपासणी अजून झालेली नाही, आणि ती करणे हे नव्या सभागृहाचे पहिले काम आहे.

सभागृह असले म्हणजे पैसा आपोआप जपला जातो, असेही नाही. नव्वदच्या दशकात ठाणे महापालिकेतील ठेक्यांमागच्या टक्केवारीची चौकशी करण्यासाठी नंदलाल समिती नेमावी लागली होती, तेव्हा सभागृह भरत होते. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून रात्री उशिरा पुढे येणारे प्रस्ताव, तातडीचे कारण दाखवून निविदा टाळणारे 'पाच-दोन-दोन'चे ठराव, आयुक्तांच्या तातडीच्या अधिकारातले 'सदुसष्ट-तीन-क' हे शब्द दोन्ही महापालिकांच्या वऱ्हांड्यात सगळ्यांना पाठ आहेत. सभागृह परत आले म्हणून या वाटा पुन्हा रुळू नयेत, ही पहिली विनंती.

अपव्यय आणि भ्रष्टाचार या दोन गोष्टी वेगळ्या समजून घेतल्या पाहिजेत. भ्रष्टाचार सिद्ध करायला तक्रारदार लागतो, कागद लागतात, न्यायालयात वर्षे जातात. अपव्यय मात्र उघड्यावर पडलेला असतो. बंद इमारत, गंजलेली बस, वर्षभरात उखडलेला रस्ता, उद्घाटनाच्या दिवशीच बंद करावा लागलेला पूल या गोष्टी रिक्षातून जाणाऱ्या कोणालाही दिसतात. त्यामुळे त्यांची झडती घ्यायला कोणावर आरोप करण्याची गरज नसते; कामाची फाइल मागवली तरी पुरते.

या शहरांतले सर्वांत वेदनादायक उदाहरण कल्याण-डोंबिवलीतील बीएसयूपीच्या इमारतींचे आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. झोपडपट्टीतल्या कुटुंबांना पक्के घर देण्याची योजना त्याचाच भाग होती आणि लोकांच्या तोंडी ती बीएसयूपी या नावानेच राहिली. घर साधारण २७० चौरस फुटांचे. पैसा केंद्राचा, राज्याचा, महापालिकेचा आणि काही हिस्सा लाभार्थ्याचा. उंबर्डे, कचोरे, खंबाळपाडा, पाथर्ली, दत्तनगर अशा ठिकाणी इमारती उभ्या राहू लागल्या. मूळ आराखड्यात तेरा हजारांहून अधिक घरे होती. पुढे हा आकडा जवळपास निम्म्यावर आणला गेला. जी घरे बांधून झाली, त्यांतली हजारो वर्षानुवर्षे रिकामी राहिली.

ती रिकामी का राहिली, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण तोच क्रम अनेक कामांत दिसतो. इमारतीची निविदा आधी निघाली आणि तिच्यात कोण राहणार हे नंतर ठरवायला घेतले गेले. झोपड्यांचे सर्वेक्षण, पात्रतेचे वर्ष, कागदपत्रांची छाननी, यादीतली खरी-खोटी नावे यांवरून वाद झाले, तक्रारी झाल्या, चौकशा लागल्या. तोवर सिमेंट वाळून गेले होते. ज्यांच्या झोपड्या प्रकल्पासाठी हटवल्या, त्यांतली कित्येक कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहून घराची वाट पाहत होती आणि काही अंतरावर तयार इमारतींतून खिडक्यांच्या चौकटी, नळ, वायरी चोरीला जात होत्या. मग दुरुस्तीचा खर्च आला, राखणदाराचा आला. घर बांधण्याचा खर्च एकदाच लेखी दिसतो. ते रिकामे ठेवण्याचा खर्च मात्र कोणत्याही एका शीर्षाखाली सापडत नाही. तो शोधून एकत्र मांडला जात नाही, तोपर्यंत या योजनेचा खरा हिशेब झाला असे म्हणता येणार नाही. आज किती घरे कोणाकडे आहेत, किती रस्तारुंदीकरणात बाधित झालेल्यांना दिली, किती अजून कुलूपबंद आहेत आणि मूळ यादीतल्या किती कुटुंबांना अजूनही घर मिळालेले नाही, ही माहिती इमारतनिहाय सभागृहात मांडली जावी.

बसगाड्यांची कथा त्याच अभियानातली. कल्याण-डोंबिवलीची परिवहन सेवा १९९९ मध्ये सुरू झाली. अभियानातून मिळालेल्या नव्या बसपैकी बऱ्याच गाड्या चालक-वाहक नाहीत, सुटे भाग नाहीत, आगाराची सोय पुरेशी नाही, या कारणांनी उभ्या राहिल्या, गंजल्या आणि शेवटी भंगारात काढाव्या लागल्या. २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर त्या काळात रिक्षाच्या रांगांवर चालत होते. बस खरेदीला अनुदान मिळते, चालकाच्या पगाराला मिळत नाही. अनुदान घेतानाच पगाराची तरतूद दाखवायला लावली असती, तर ही वेळ आली नसती. आता विजेच्या बस येत आहेत. त्यांच्या बाबतीत चालक, चार्जिंगची जागा आणि दहा वर्षांची देखभाल यांचा हिशेब खरेदीच्या ठरावासोबतच मागितला जावा.

खर्च न केल्यानेही पैसा वाया जातो, याचा धडा कल्याणला २०१५ मध्ये मिळाला. घनकचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावण्यात महापालिका कमी पडली म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. ती उठायला वर्ष लागले. बांधकाम परवानग्यांमधून मिळणारे विकास शुल्क हे महापालिकेच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. ते वर्षभर आटले. आधारवाडीच्या डोंगराला लागणाऱ्या आगींचा धूर आसपासच्या घरांत शिरत होता, लहान मुले खोकत होती. वेळेवर उभारलेले कचरा प्रक्रिया केंद्र त्या वर्षभराच्या तोट्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडले असते.

पुलांकडे वळले की काळाची किंमत कळते. कल्याणचा पत्री पूल १९१४ चा. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळल्यावर जुन्या पुलांची तपासणी झाली, पत्री पूल धोकादायक ठरला आणि १८ नोव्हेंबर २०१८ रोजी पाडण्यात आला. नवा पूल २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. मध्ये करोनाची टाळेबंदी आली, रेल्वेच्या ब्लॉकची वाट पाहावी लागली, ७६ मीटरचा गर्डर दुसऱ्या राज्यातून आणावा लागला. ही कारणे खरी आहेत. पण पूल पाडण्याचा निर्णय झाला त्या दिवशी नव्या पुलाचा आराखडा आणि निविदा तयार नव्हती, हेही खरे आहे. डोंबिवलीचा पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल १५ सप्टेंबर २०१९ ते ७ सप्टेंबर २०२१ असा जवळजवळ दोन वर्षे बंद होता. म्हणजे कित्येक महिने दोन्ही पूल एकाच वेळी बंद होते. कल्याण-शीळ रस्त्यावर रोज दीड-दोन तास अडकणाऱ्या माणसाचे इंधन, रुग्णवाहिकेचा उशीर, शाळेच्या बसमधली मुले यांची किंमत कोणत्याही प्राक्कलनात येत नाही, पण ती शहरानेच मोजली. माणकोली-मोठागाव खाडी पुलाचे काम २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्यावरून हलकी वाहने जायला २०२४ उजाडले.

आणि घाई केली तर काय होते, हे कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पलावा पुलाने दाखवले. अनेक वर्षे रखडलेला हा पूल ४ जुलै २०२५ रोजी खुला केला गेला आणि दुचाकी घसरू लागल्यामुळे काही तासांतच बंद करावा लागला. पृष्ठभागाचे काम पुन्हा करून तो नंतर सुरू झाला. भर पावसाळ्यात, अंतिम तपासणी पूर्ण नसताना पूल खुला करण्याचा निर्णय कोणी आणि कोणत्या कागदावर घेतला, हे जाणून घेण्याचा अधिकार त्यावरून घसरून पडलेल्या प्रत्येकाला आहे. पूल दुसऱ्या यंत्रणेचा आहे, हे उत्तर येईल. पण या पट्ट्यात रस्ता एका यंत्रणेचा, पूल दुसरीचा, पदपथ तिसरीचा आणि गटार चौथीचे असते. महापालिका, एमएमआरडीए, एमएसआरडीसी, एमआयडीसी आणि सार्वजनिक बांधकाम विभाग एकाच रस्त्यावर आपापल्या वेळी खणतात. शीळ रस्त्याच्या सहापदरी काँक्रीटीकरणापाठोपाठ त्याच रस्त्यावर कल्याण-तळोजा मेट्रो-१२ चे काम आले. तिचे भूमिपूजन मार्च २०२४ मध्ये झाले. ठाण्यात घोडबंदर मार्गावर मेट्रो-४ चे काम सुरू असतानाच सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्यासाठी पुन्हा खोदकाम सुरू झाले. पैसा कोणाच्याही तिजोरीतून जावो, भरणारा माणूस एकच असतो. त्याने निवडून दिलेले सभागृह एवढी मागणी नक्की करू शकते की, कोणता रस्ता कोण, कधी खणणार याचे वर्षाचे वेळापत्रक सगळ्या यंत्रणांनी एप्रिलमध्ये एका टेबलावर ठेवावे.

रस्त्यांच्या प्रश्नात ठाण्याचा अनुभव बोलका आहे. राज्य सरकारने शहरातल्या रस्त्यांसाठी दोन टप्प्यांत ६०५ कोटी रुपये दिले : पहिल्या टप्प्यात १२७ रस्त्यांसाठी २१४ कोटी आणि दुसऱ्यात १५६ रस्त्यांसाठी ३९१ कोटी. ही २८३ रस्त्यांची यादी आहे. यातले बरेच रस्ते आज चांगले आहेत आणि ते सांगितले पाहिजे. पण कोणता रस्ता डांबराचा, कोणता यूटीडब्ल्यूटीचा (डांबरावर काँक्रीटचा पातळ थर), कोणता काँक्रीटचा, प्रत्येकाचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो आणि त्या काळात ठेकेदाराकडून स्वखर्चाने किती दुरुस्त्या करून घेतल्या, हे रहिवाशाला समजेल अशा रीतीने कुठेच टांगलेले नाही. दोषदायित्व कालावधी हा निविदेतला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित शब्द आहे. ठरलेल्या वर्षांत रस्ता खराब झाला तर दुरुस्ती ठेकेदाराने करायची आणि तोवर त्याची अनामत महापालिकेकडे राहायची, असा त्याचा अर्थ. व्यवहारात मात्र पावसाळ्यापूर्वी खड्डे बुजवण्याच्या स्वतंत्र निविदा निघतात. हमीत असलेल्या रस्त्यावर त्या पैशातला एक रुपयाही पडला असेल, तर त्या रस्त्यासाठी करदात्याने दोनदा पैसे मोजले.

खड्ड्यांचा हिशेब केवळ पैशाचा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात काही आठवड्यांत एकट्या कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे पाच जणांचा जीव गेला. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सुरक्षित रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी, अभियंते व ठेकेदार यांच्याकडून वसूल करण्यास सांगितले. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. भरपाई महापालिकेच्या तिजोरीतून गेली आणि वसुली राहून गेली, तर खराब रस्त्याचा दंडही त्याच रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या घरपट्टीतून भरला जाईल. म्हणून भरपाई किती दिली आणि त्यातली किती कोणाकडून वसूल झाली, हे दोन आकडे दर तिमाहीला महासभेपुढे यायला हवेत.

निविदा कशी बिघडते, याचे अलीकडचे मोठे उदाहरणही याच भागातले आहे. ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि भाईंदर ते घोडबंदर उन्नत मार्ग, अशा सुमारे १४,००० कोटी रुपयांच्या दोन कामांसाठी एमएमआरडीएने निविदा मागवल्या. मोठ्या कामांत दोन लिफाफे असतात. पहिल्यात कंपनीची पात्रता, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा अपात्र ठरला की दुसरा उघडतच नाही, म्हणजे स्वस्त दर कोणाचा होता हे कधी कळतच नाही. लार्सन अँड टुब्रो ही कंपनी पहिल्याच टप्प्यावर अपात्र ठरवली गेली. ती उच्च न्यायालयात गेली; २० मे २०२५ रोजी तेथे दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयात कंपनीने सांगितले की, आपला दर बोगद्यासाठी २,५२१ कोटींनी आणि उन्नत मार्गासाठी ६०९ कोटींनी कमी होता. म्हणजे दोन्ही मिळून तीन हजार कोटींहून अधिक. न्यायालयाने विचारणा केल्यावर ३० मे २०२५ रोजी निविदा प्रक्रिया रद्द केल्याचे सांगण्यात आले. कंपनीची पात्रता योग्य कारणाने नाकारली होती की नाही, यावर निकाल लागलाच नाही. पण ती मोठी कंपनी होती, तिच्याकडे वकील होते, म्हणून फरकाचा आकडा बाहेर आला. नाला बांधणीच्या किंवा पेव्हर ब्लॉकच्या पन्नास लाखांच्या निविदेत अपात्र ठरलेला लहान ठेकेदार सर्वोच्च न्यायालयात जात नाही. त्याचा बंद लिफाफा बंदच राहतो. म्हणून अपात्र ठरवण्याची कारणे लेखी आणि जाहीर असावीत, मग निविदा कितीही लहान असो.

खर्चाचा क्रम चुकला की माणसे मरतात, हे कळव्याने पाहिले. १२-१३ ऑगस्ट २०२३ च्या चोवीस तासांत ठाणे महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात १८ रुग्ण दगावले. रुग्णालय ५०० खाटांचे. पण तिथे शहापूर, मुरबाड, भिवंडी, पालघरपासून रुग्ण येतात आणि त्या वेळी जिल्हा शासकीय रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवलेले असल्याने भार आणखी वाढला होता. हे आधी दिसत होते. त्याच काळात ठाण्यात भिंती रंगवण्याची, चौक सुशोभित करण्याची, झाडांवर रोषणाई करण्याची कामे जोरात होती. त्याआधी घोडबंदर भागातल्या 'जुने ठाणे, नवे ठाणे' थीम पार्कच्या कामाबद्दल चौकशी लावण्याची वेळ आली होती. शहर देखणे असावे याला कोणाचाच विरोध नाही. मात्र अतिदक्षता विभागात खाट आणि परिचारिका कमी असताना रंगकामाला पैसा निघतो, तेव्हा तो कोणत्या प्राधान्यक्रमाने निघाला हे विचारलेच पाहिजे. डोंबिवली पूर्वेचे महापालिकेचे सूतिकागृह वर्षानुवर्षे बंद राहिले. त्या काळात किती बायकांना प्रसूतीसाठी खासगी रुग्णालयात दागिना मोडून पैसे भरावे लागले, याची नोंद कुठेही नाही.

घोषणांचाही हिशेब राहिला आहे. २०१५ च्या महापालिका निवडणुकीआधी, ऑक्टोबरमध्ये, कल्याण-डोंबिवलीसाठी ६,५०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले होते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली आणि त्या योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. या दोन्हींतून प्रत्यक्ष किती आले, किती खर्च झाले आणि त्यातून काय उभे राहिले, याचे प्रत्येकी एक पान नव्या सभागृहाने प्रसिद्ध केले, तरी पुढच्या घोषणेच्या वेळी लोकांना मोजपट्टी मिळेल. अनधिकृत बांधकामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. अग्यार समितीने कल्याण-डोंबिवलीत ६७,९२० अनधिकृत बांधकामे नोंदवली होती. तो अहवाल कपाटात राहिला. चौकशीवर खर्च करायचा आणि अहवालावर काहीच करायचे नाही, हाही अपव्ययच आहे.

अपव्ययाची साथ एकट्या या पट्ट्याची नाही. फिलिपीन्समध्ये २८ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस धाकटे यांनी संसदेपुढील भाषणात पूरनियंत्रणाच्या कामांतील गैरव्यवहारावर बोट ठेवले. तीन वर्षांत ९,८५५ कामांवर ५४५ अब्ज पेसो खर्च झाले होते आणि त्यातला सुमारे पाचवा हिस्सा अवघ्या पंधरा ठेकेदारांकडे गेला होता. सरकारने कामांची यादी ठिकाणांसह लोकांपुढे ठेवली आणि आपल्या गावातले काम खरोखर झाले आहे का ते कळवा, असे आवाहन केले. लोक नदीकाठी जाऊन पाहू लागले. बुलाकान प्रांतातल्या बालिवाग येथे ५.५ कोटी पेसोंची नदीभिंत कागदावर पूर्ण होती. राष्ट्राध्यक्ष स्वतः तिथे गेले तेव्हा जागेवर भिंत नव्हती. २१ सप्टेंबर रोजी मनिलात हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्या देशातल्या राजकारणाचे पुढे काय होईल हा वेगळा विषय आहे. पण एक गोष्ट तिथून उचलण्यासारखी आहे : यादी ठिकाणासह जाहीर झाली की तपासणीचे काम लाखो डोळे फुकट करतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ नुसार ही माहिती महापालिकांनी आपणहून प्रसिद्ध करणे अपेक्षितच आहे.

म्हणून दोन्ही सभागृहांना नेमकी विनंती अशी आहे. २०२० नंतर मंजूर झालेल्या प्रत्येक कामाची प्रभागनिहाय यादी प्रसिद्ध व्हावी. तिच्यात प्राक्कलनाची रक्कम, मंजूर दर, ठेकेदार, कार्यादेशाची तारीख, मुदतवाढी आणि त्यांची कारणे, वाढीव रक्कम, अंतिम बिल आणि दोषदायित्वाची अखेरची तारीख असावी, आणि मोजमाप पुस्तिकेची पाने सोबत जोडलेली असावीत. पुस्तिकेत खोटी नोंद करणे अवघड नसते. पण त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने ती वाचली तर ती टिकत नाही. प्रत्येक प्रभाग कार्यालयाबाहेर हीच यादी कागदावर लावावी, कारण दिव्यातल्या किंवा कचोऱ्यातल्या आजींना संकेतस्थळ उघडायला सांगणे म्हणजे माहिती न देणेच होय.

मुख्य लेखापरीक्षक आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा यांनी घेतलेले आक्षेप वर्षानुवर्षे 'प्रलंबित' या शब्दाखाली पडून असतात. त्यांची रक्कम, त्यावर दिलेले उत्तर आणि वसुली यांवर वर्षातून एक विशेष महासभा घ्यावी आणि त्या दिवशी दुसरा कोणताही विषय घेऊ नये. आयत्या वेळचा विषय म्हणून आर्थिक प्रस्ताव स्वीकारू नये. भूमिपूजनाचा फलक लागतो तिथेच काम संपल्यावर दुसरा फलक लागावा आणि त्यावर मूळ रक्कम, प्रत्यक्ष खर्च, ठरलेली तारीख आणि पूर्ण झाल्याची तारीख या चार गोष्टी असाव्यात. नेत्यांची छायाचित्रे त्या फलकावर नसली तरी चालतील.

क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात २००९ मध्ये आली. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलावून कोणती कामे आधी हवीत हे विचारावे, असा तिचा साधा हेतू होता. दोन्ही शहरांत ती कागदावरच राहिली. कोणा सदस्याला सभागृहाच्या ठरावाची वाट पाहायची नसेल, तर स्वतःच्या प्रभागातली पहिली क्षेत्रसभा तो या महिन्यातच बोलावू शकतो. शाळेचा वर्ग, सोसायटीचे आवार किंवा मंदिराचा सभामंडप पुरेसा आहे. तिथे आपल्या प्रभागातल्या गेल्या पाच वर्षांच्या कामांची यादी मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक कामाच्या नावापुढे, ते झाले की नाही, हे लोकांनाच सांगू द्यावे. ही यादी पावसाळ्यापूर्वी वाचली जावी, म्हणजे हमीत असलेल्या रस्त्यांच्या ठेकेदारांना नोटिसा वेळेत निघतील.

कळावे.

आपला विश्वासू,
मालमत्ता कर भरणारा एक रहिवासी
डोंबिवली (पूर्व)